शाळकरी मुलांना घेऊन युरोप : १६ रात्री आणि आठ शहरं जमतील का?

सोनचाफा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. जुलैच्या सुट्टीत आम्ही चौघं पहिल्यांदाच युरोपला निघतोय. लेकीला जूनअखेर बारा पूर्ण होतील, धाकटा आठ वर्षांचा आहे. हातात १६ रात्री आहेत. रात्र रात्र जागून हा आराखडा केलाय :

लंडन ३, ब्रसेल्स १, अॅमस्टरडॅम २, पॅरिस ३, ल्यूसर्न २, व्हेनिस १, फ्लॉरेन्स २, रोम २.

सगळा प्रवास रेल्वेने. प्रश्न तीन आहेत. मुलांना हे फार दगदगीचं होईल का? युरेल पास (युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा) घ्यावा की सुटी तिकिटं? आणि शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज फ्रान्सकडे करायचा ना, कारण एका शहरात सगळ्यात जास्त मुक्काम पॅरिसलाच आहे? अजून विमानाची तिकिटं काढलेली नाहीत, तेव्हा मोकळेपणाने सांगा, प्लीज.

रुळांवरून

आधी दगदगीबद्दल, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

यादीत शहरं मोजू नका, मुक्काम किती वेळा हलवताय ते मोजा. तुमच्या आराखड्यात तो सात वेळा हलतोय. सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, नवी खोली दुपारी तीनच्या आधी मिळत नाही. मधल्या वेळात चार माणसं, चार बॅगा, स्टेशन, गाडी, पुन्हा स्टेशन, नवीन शहरातली मेट्रो. नकाशावर दोन तासांचा दिसणारा प्रवास दारापासून दारापर्यंत पाच-सहा तासांचा होतो. म्हणजे १६ रात्रींतले सात दिवस तुम्ही बॅगांसोबत काढणार. मोठी माणसं हे निभावतात. आठ वर्षांचं मूल तिसऱ्या वेळी विचारतं, "आज पण आपण घर बदलणार?"

माझ्या हिशेबाने मुलं बरोबर असतील तर एका ठिकाणी कमीत कमी तीन रात्री, शक्यतो चार. १६ रात्रींत चार ठिकाणं. पाचवं घालायचा मोह झाला तर त्याच जागेवर राहून दिवसाची सहल करा. बॅगा खोलीत, पाठीवर पाण्याच्या बाटल्या, संध्याकाळी ओळखीच्या पलंगावर परत.

आठ_आण्यांचा_नकाशा

मी थोडा वेगळा विचार मांडतो. एवढा खर्च करून चौघं जाणार, पुन्हा कधी योग येईल सांगता येत नाही. मग रोम सोडायचं, लंडन सोडायचं, याने नंतर मन खातं. मुलं आपल्याला वाटतात त्यापेक्षा काटक असतात. आम्ही १४ दिवसांत सहा शहरं केली होती आणि मुलांनी तक्रार केली नाही.

दोन_पिल्लांची_आई

नकाशादादा, तुमची मुलं तेव्हा केवढी होती? १४-१५ च्या पोरांचं गणित निराळं असतं.

मी सात आणि दहाच्या मुलांना घेऊन अगदी असाच दौरा केला होता, म्हणून कळकळीने लिहितेय. नवव्या दिवशी आम्ही व्हेनिसला एका रात्रीसाठी उतरलो. ऊन रणरणतं, प्रत्येक पुलाला पायऱ्या, आणि आम्ही दोघं चाकांच्या बॅगा उचलून पूल चढतोय. चौथ्या पुलावर धाकटी पायरीवर बसली आणि उठेचना. रडली नाही, भांडली नाही, फक्त बुटाची नाडी सोडायची, परत बांधायची, परत सोडायची. अर्धा तास. तिला व्हेनिस नको होतं, पाणी नको होतं, तिला फक्त कुणी "चल" म्हणायला नको होतं. रात्री हॉटेलात पोहोचलो तर खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि ही गोष्ट बुकिंगच्या पानावर अगदी तळाशी लिहिलेली. पुढे फ्लॉरेन्सचा एक अख्खा दिवस मुलं झोपून होती.

मन खाण्याचं म्हणाल तर मला न पाहिलेल्या शहरांचं काही वाटत नाही. त्या दोन दिवसांचं अजून वाटतं.

आठ_आण्यांचा_नकाशा

ताई, माझी मुलं १४ आणि १६ ची होती. हा फरक मी धरला नव्हता. तुमचं पटलं.

मोहोर_आणि_शिक्के

व्हिसाबद्दल. सोनचाफाताई, इथे बऱ्याच जणांची गफलत होते. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा ते एका शहराच्या मुक्कामावर ठरत नाही. *देशात* एकूण दिवस कुठे जास्त ते बघायचं. तुमच्या आताच्या आराखड्यात फ्रान्समध्ये तीन रात्री आहेत, पण व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम मिळून इटलीत पाच होतात. म्हणजे अर्ज इटलीकडे. दोन देशांत सारखेच दिवस असतील तरच पहिल्यांदा जिथे प्रवेश करणार तो देश.

लंडन शेंगेनमध्ये येत नाही. त्यासाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसा, वेगळा अर्ज, वेगळी फी. तुम्ही लंडन सुरुवातीला ठेवलंय म्हणून एक अडचण टळली. ते मध्ये घातलं असतं तर शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत यायला मल्टिपल एंट्री लागली असती. तरीही तीन रात्रींसाठी चौघांचे दोन-दोन व्हिसे काढायचे का, याचा शांतपणे विचार करा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि शेवटची मुदत १५ दिवस आधी. जुलैची गर्दी बघता मार्च-एप्रिललाच करा. लेकीचा बारावा वाढदिवस जूनअखेर आहे ना? मग त्याआधी अर्ज करण्यात फायदा आहे. ६ ते ११ वयाला फी ४५ युरो, १२ पासून ९० युरो. शिवाय १२ वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. प्रवासविमा चौघांचा हवा, प्रत्येकी किमान ३०,००० युरोचं संरक्षण आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा.

रुळांवरून

वयाचा मुद्दा शिक्केवाल्यांनी काढलाच आहे तर तिकिटांचंही सांगतो. युरोपात मुलाचं वय हा तिकिटाचा सगळ्यात मोठा भाग आहे आणि प्रत्येकाची रेषा वेगळी.

युरेल पासात ४ ते ११ ची मुलं मोठ्यांच्या पासाबरोबर फुकट, एका मोठ्यामागे दोन. वय धरतात ते पास सुरू होतो त्या दिवशीचं. म्हणजे लेकीला जुलैत तरुणांचा पास विकत घ्यावा लागेल. पास असला तरी फ्रान्सच्या टीजीव्ही आणि इटलीच्या वेगवान गाड्यांना सीटचं आरक्षण वेगळं भरावं लागतं, ते फुकट पासावरच्या मुलालाही चुकत नाही. लांबचे प्रवास तीन-चारच असतील तर आधी काढलेली सुटी तिकिटं बहुतेक वेळा स्वस्त पडतात. स्वस्त तिकिटांचा कोटा असतो, तो संपत जातो, त्यामुळे तारखा पक्क्या झाल्या की लगेच काढा.

जर्मन रेल्वेत १४ पर्यंतची मुलं मोठ्यांसोबत फुकट, पण सहा वर्षांवरच्यांना तिकीट काढतानाच त्यात नोंदवावं लागतं. स्वित्झर्लंडमध्ये सगळ्यात सुखाचं : आई किंवा बाबांकडे स्विस ट्रॅव्हल पास असला की ६ ते १५ च्या मुलांना फॅमिली कार्ड मोफत. गाड्या, बस, तळ्यातल्या बोटी, सगळं. या कार्डासाठी पास घेतानाच मागणी करा.

सोनचाफा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन_पिल्लांची_आई, तुमची ती बुटाची नाडी वाचून मी आराखड्याची फाइलच बंद केली.

काल रात्री मुलांना नकाशासमोर बसवलं. लेकीला आयफेल टॉवर आणि "एक खरं म्युझियम, जिथे मी ठरवीन काय बघायचं ते". धाकट्याला डोंगरावर चढणारी ट्रेन. एवढंच. आठ शहरांतलं त्यांनी मागितलं ते दोन ठिकाणचं.

आता असं वाटतंय : पॅरिस ५, ल्यूसर्न ४, आणि उरलेल्या सात रात्री? इटलीचा मोह सुटत नाही, पण जुलैच्या उन्हाची धास्ती वाटतेय.

दोन_पिल्लांची_आई

रोम मुलांना आवडतंच, पण ते एप्रिल किंवा ऑक्टोबरला. जुलैत दुपारी कोलोसियमच्या रांगेत उभं राहणं मोठ्यांनाही झेपत नाही. ल्यूसर्नहून पूर्वेकडे वळा. साल्झबर्ग ३, व्हिएन्ना ४, आणि परतीचं विमान व्हिएन्नाहून. पॅरिसला उतरा, व्हिएन्नाहून चढा. परत पहिल्या शहरात यायचा एक दिवस वाचतो. तिकीट शोधताना "मल्टी-सिटी" निवडा. पुष्कळदा ते जाऊन-येऊनच्या तिकिटापेक्षा फार महाग नसतं.

साल्झबर्गजवळ हेलब्रुन नावाचा महाल आहे. तिथल्या आर्चबिशपने १६१३ ते १६१५ च्या सुमारास पाहुण्यांची गंमत करायला बांधलेला. बागेत दगडी टेबल आणि दगडी आसनं. आसनांतून पाण्याच्या चिळकांड्या उडतात, फक्त यजमानाची जागा कोरडी. जुलैच्या उन्हात मुलांसाठी याहून सुंदर ठिकाण मी पाहिलेलं नाही. बदलायचे कपडे बरोबर ठेवा, खरंच ठेवा.

मोहोर_आणि_शिक्के

हा आराखडा ठरला तर ऑस्ट्रियात ३ आणि ४ मिळून सात रात्री. म्हणजे विमान पॅरिसला उतरलं तरी अर्ज ऑस्ट्रियाकडे. आणि लंडन यादीतून गेल्यामुळे चौघांचा एक-एक व्हिसा कमी झाला.

रुळांवरून

रेल्वेच्या दृष्टीनेही छान. पॅरिस ते स्वित्झर्लंडच्या सीमेवरचं बाझल टीजीव्हीने तीन तासांच्या आसपास, तिथून ल्यूसर्न तासाभरात. गाडी गार द ल्यों स्टेशनवरून सुटते. पॅरिसमध्ये प्रत्येक दिशेचं स्टेशन वेगळं आहे, तिकिटावर नाव नीट वाचा.

ल्यूसर्न ते झुरिक पाऊण तास, मग झुरिक ते साल्झबर्ग थेट रेलजेट (ऑस्ट्रियाची वेगवान गाडी), साडेपाच तासांच्या आसपास. तुमच्या सहलीतला हा सगळ्यात लांब प्रवास आहे, पण त्याची काळजी करू नका. झुरिक सोडल्यावर डाव्या हाताच्या खिडक्या धरा. आधी झुरिकचं तळं, मग वालेनसे नावाचं तळं, ज्याच्या पलीकडच्या काठावर सरळ कडाच उभा आहे. बुक्स स्टेशनवर गाडी थांबते आणि उलट दिशेने सुटते. मुलं दचकतात, "आपण परत चाललो का?" त्यांना आधी सांगू नका, बघू द्या. नंतर आर्लबर्गचा दहा किलोमीटरहून लांब बोगदा, १८८४ चा. फॅमिली झोनमध्ये लहान मुलांसाठी छोट्या पडद्याचा कोपरा असतो, सीटं तिथलीच धरा. रेलजेटला आरक्षण सक्तीचं नाही, पण जुलैत चौघांना एकत्र बसायचं तर करा.

एक गोष्ट ठासून सांगतो. तिकडे काही गाड्या वाटेत *तुटतात*. पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्या. एकदा आम्ही घाईत समोर आला त्या डब्यात चढलो. मी बॅगा लावतोय तोवर मुलीने दारावरचा बोर्ड वाचला आणि म्हणाली, "बाबा, इथे आपल्या गावाचं नाव नाहीये." पुढच्या स्टेशनात चार मिनिटं थांबा होता. फलाटावरून बॅगा ओढत पुढच्या डब्यात पळालो. तेव्हापासून फलाटावरची क, ख, ग सारखी अक्षरं बघतो (तिथे त्यांच्या लिपीतली असतात), डब्याचा क्रमांक जुळवतो आणि दारावरचं शेवटचं स्टेशन वाचायचं काम मुलीकडे असतं.

वाचनमात्र_होतो

ल्यूसर्नहून युंगफ्राउयोख (आल्प्समधलं उंचावरचं रेल्वे स्टेशन) एका दिवसात करावं का? सगळे "टॉप ऑफ युरोप" म्हणतात.

दोन_पिल्लांची_आई

मुलं बरोबर असतील तर माझं मत रिगी डोंगर. युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे, विरळ हवेत डोकं दुखतं, जायला-यायला दिवस जातो, आणि स्विस पासावर वरचा टप्पा फुकट नाही, फक्त सवलत. रिगी १,८०० मीटरच्या आत. ल्यूसर्नहून बोटीने फिट्झनाउ, तिथून दातेरी रुळाची गाडी, १८७१ पासून चालणारी, युरोपातली अशी पहिली. बोट आणि गाडी दोन्ही पासात. वर पोहोचल्यावर गायींच्या घंटा आणि मोकळं कुरण. मुलांना पळायला जागा हवी असते, आणि ती तिथे भरपूर आहे. धाकट्याची "डोंगरावर चढणारी ट्रेन" हीच.

पाऊस लागला तर ल्यूसर्नचं ग्लेशियर गार्डन. हिमनदीने खडकात कोरलेले रांजण, आणि शेजारी आरशांचा भूलभुलैया.

सोनचाफा

ठरलं! पॅरिस ५, ल्यूसर्न ४, साल्झबर्ग ३, व्हिएन्ना ४. आयफेलच्या लिफ्टची तिकिटं ६० दिवस आधी खुली होतात म्हणून गजर लावलाय. म्युझियमसाठी लूव्र, १८ च्या आतल्यांना फुकट असलं तरी वेळेचं बुकिंग करायचं, आणि मंगळवारी बंद. आणखी काय विसरतेय?

रुळांवरून

फोन. युरोपीय संघातला रोमिंगचा नियम स्वित्झर्लंडला लागू नाही. ई-सिम घेताना देशांच्या यादीत स्वित्झर्लंडचं नाव आहे का बघा, नाहीतर नेमकं बाझलला उतरल्यावर नकाशा बंद पडतो. प्लगचंही तसंच. फ्रान्स-ऑस्ट्रियाचा जाड गोल प्लग स्विस सॉकेटात बसत नाही, दोन पिनांचा चपटा बसतो. पैसे तिथे फ्रँक.

दोन_पिल्लांची_आई

रविवार! स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद. नव्या गावात रविवारी पोहोचू नका, पोहोचलात तर मोठ्या स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं असतं. निदान दोन मुक्काम कपडे धुण्याचं यंत्र असलेल्या अपार्टमेंटमध्ये घ्या, कपडे निम्मे न्यावे लागतील. आणि बुक करण्याआधी मजला आणि लिफ्ट विचारून लेखी उत्तर घ्या. संकटात कुठेही ११२.

सोनचाफा

(ऑगस्ट) मंडळी, परत आलो. वचन दिल्याप्रमाणे लिहितेय.

लूव्रमध्ये लेकीने तीनच गोष्टी निवडल्या होत्या. तिसऱ्या गोष्टीसमोर, पंख पसरलेल्या त्या बिनडोक्याच्या विजयदेवतेसमोर, ती जिन्यावर वीस मिनिटं बसली आणि वहीत पंख काढत राहिली. पाऊण तासात आम्ही बाहेर. पूर्वीच्या आराखड्यात मी लूव्रला अर्धा दिवस दिला होता आणि तिला एकही गोष्ट निवडू दिली नव्हती.

पॅरिसमध्ये मुलांनी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो लक्झेंबर्ग बागेत. मधल्या गोल हौदात लाकडी शिडाच्या होड्या भाड्याने मिळतात, हातात एक काठी देतात. होडी ढकलायची आणि वारा नेईल तिकडे काठाकाठाने धावायचं. धाकट्याची होडी कारंज्यापाशी अडकली. तो काठी घेऊन हौदाभोवती तीन वेळा पळाला. एक आजोबा त्याला खुणेने थांब म्हणाले, वाऱ्याकडे बोट दाखवलं. दोघं शेजारी उभे राहिले, एक शब्द न बोलता, होडी सुटून येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा तिथेच गेलो. पाच रात्री होत्या म्हणून जाता आलं.

बुक्सला गाडी उलटी निघाली तेव्हा धाकटा ओरडला, "बाबा, ड्रायव्हर चुकला!" अख्खा डबा हसला. रुळांवरून, तुमची आठवण काढली.

एक चूक आमची. साल्झबर्गचं अपार्टमेंट सुंदर होतं, पण स्टेशनपासून बसने अर्धा तास. तीन रात्रींच्या मुक्कामाला स्टेशनजवळची साधी खोली बरी पडली असती. हेलब्रुनला दोघंही नखशिखांत भिजली, बदलायचे कपडे होते, धन्यवाद. व्हिएन्नाला १९ वर्षांखालच्यांना नैसर्गिक इतिहासाचं म्युझियम मोफत, त्यामुळे डायनोसॉरसाठी दोनदा जाऊन आलो. शॉनब्रुनच्या प्राणिसंग्रहालयात पूर्ण दिवस गेला. १७५२ चं आहे, आजही चालू असलेलं जगातलं सगळ्यात जुनं. नळाचं पाणी आल्प्सच्या झऱ्यांचं, बाटल्या तेवढ्या भरायच्या.

वाचनमात्र_होतो

वाचनखूण साठवली. ताई, बॅगा किती नेल्या? आम्ही पाच जण आहोत, सोबत आई आहे, वय ६८.

सोनचाफा

चौघांत दोन मोठ्या, आणि प्रत्येकाच्या पाठीवर एक पिशवी. मुलांच्या हाताला काही ओढायला दिलं नाही, त्यामुळे स्टेशनवर त्यांचे हात धरायला मोकळे राहिले. आई बरोबर असतील तर त्यांच्याही हातात काही देऊ नका, आणि मधला मुक्काम पाच रात्रींचा ठेवा. तारखा आणि मार्ग इथेच टाका, आपण सगळे मिळून बघू.